स्लोला गाडी थरथरती, रेस सोडली की मरती? कार्बला हात लावायच्या आधी हे बघा

हे जुन्या कार्ब (कार्बोरेटर, हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) वाल्या गाड्यांचं दुखणं, उदाहरण मामांच्या १९६६ च्या एमजीबीचं. स्लो म्हणजे एक्सिलेटर सोडल्यावर इंजिन जेवढ्यावर चालू राहतं ते. आधी लक्षणं सांगतो, तुमची गाडी ह्यात बसती का बघा, बसत नसेल तर उगं वाचत बसू नका.

सकाळी चोक ओढला की गाडी पटकन चालू होती आणि चोक आहे तोवर बरी चालती. इंजिन गरम झालं, चोक आत ढकलला, की स्लोला नाटक सुरू. टॅकोमीटरचा काटा ८०० वर टिकायच्या ऐवजी ६०० ते ९०० मधे पाळण्यासारखा झुलतो, आरसा इतका थरथरतो की मागची एसटी आहे का टेम्पो कळत नाही, गिअरची दांडी हाताला मुंग्या आणती. सायलेन्सरच्या तोंडापाशी तळहात धरला की एकसारखा झोत लागत नाही, फट-फट-फुस्स-फट असं लागतं, आणि ते फुस्स म्हणजे चौघांतला एक सिलेंडर कामचुकारपणा करायलाय. रस्त्यावर मात्र काही तक्रार नाही, ऐंशीला गाडी मक्खन. सिग्नलला पाय उचलला की मेली.

असंच असेल तर पुढं वाचा. स्लोला ठीक आणि वरच्या स्पीडलाच दम तोडत असेल तर ते दुखणं वेगळं, बहुतेक पेट्रोल कमी पडत असतंय, ते इथं नाही.

गाडी आमच्या मामांची, लातुरात. १९६६ ची एमजीबी, इंग्लंडची स्पोर्ट्स गाडी, दोन एसयू कंपनीचे कार्ब, एचएस-४ मॉडेलचे. पंपावर हमखास दोन प्रश्न येतेत, ही कोणती गाडी आणि अ‍ॅव्हरेज किती देती. एमजीबी १९६२ ला आली आणि इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत होती. इंजिन बीएमसीचं बी-सिरीज, १७९८ सीसी. आपल्या अँबेसेडरला जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते ह्याच घराण्यातलं, म्हणून अँबेसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री ह्या गाडीला बुजत नाही. खालचं प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीची फट) ह्यांचं अँबेसेडरवाल्यांनाही कामाला येईल, फक्त मापं आपापल्या मॅन्युअलची घ्या.

मी बारा वर्षं ह्या एकाच गाडीचं हे एकच दुखणं परत परत काढतोय. पहिली दोन वर्षं प्रत्येक वेळी आधी कार्बच उघडायचो. दोन-दोन कार्ब समोर चकचकीत दिसतेत, खाली फिरवायला नट असतो, हात शिवशिवतेतच. आमच्या गल्लीतले मिस्त्री चाचा एकदा मागं येऊन उभे राहिले, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणले, "अरे पोरा, तो बिचारा बरोबर होता की, त्याला कशाला छळायलास? आधी कोणता सिलेंडर झोपलाय ते तर बघ." तेव्हापासून कार्ब शेवटी. माझ्या वहीत जेवढ्या वेळा हे दुखणं लिहिलंय त्यात खरोखर कार्बचा दोष हाताच्या बोटावर मोजण्याइतका, बाकी सगळं स्पार्क, टॅपेट नाहीतर कुठूनतरी हवा घेणं. आणि वाईट हे की कार्ब फिरवून दुसरीकडचा दोष थोडा झाकता येतो, म्हणून माणूस फसतो, चार दिवस बरं वाटतं आणि मग एकाच्या जागी दोन दुखणी होतेत.

आधी फुकटातलं: हा दोष आहे का नुसतं ऊन?

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या घरात. औशापर्यंत गाडी पळवली, टपरीवर दहा मिनिटं चहाला थांबलात, परत चालू केली तर गाडी लंगडायली, दोन किलोमीटर गेल्यावर आपोआप सुधारली. हा बिघाड नाही. ह्या इंजिनला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड (मिक्चर आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) एकाच बाजूला, कार्ब अक्षरशः एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेत. चालत्या गाडीत ताजं पेट्रोल येत राहतं आणि वारा लागतो म्हणून भागतं, थांबलं की खालची सगळी धग वर, कार्बच्या बाऊलमधलं (पेट्रोल साठवायच्या वाटीतलं) पेट्रोल उकळायला लागतं. आता पेट्रोलमधे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते ७८ अंशालाच उकळतं, त्यामुळं हे आधीपेक्षा जास्त जाणवायलंय. बोनट उघडून ठेवा, चालू केल्यावर मिनिटभर थोडी रेस धरा, आणि कार्बच्या मागं जो पत्र्याचा हीट शील्ड असतो तो जागेवर आहे का बघा, कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला असतो. खरी परीक्षा सकाळी, गार हवेत. सकाळीही गरम झाल्यावर थरथरत असेल तर खरा दोष.

टाकीतलं पेट्रोल किती जुनं आहे हेही आत्ताच आठवा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात गाडी धुवायचं सोडा, तीन-चार महिने झाकूनच होती. नंतर चालू केली तर टाकीतून वार्निशसारखा वास. तसलं पेट्रोल काढून टाका, त्याच्यावर कितीही सेटिंग केलं तरी वाया. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळं पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नका.

कोणता सिलेंडर झोपलाय

सगळ्यात मोलाची तपासणी हीच आणि एक रुपया लागत नाही. इंजिन गरम, स्लोला चालू, प्लास्टिकच्या मुठीची चांगली पकड घ्या आणि एक एक प्लगची वायर क्षणभर काढून परत लावा. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलेंडर कामाचा. काही फरकच पडला नाही तर चोर तोच. वायर कार्बपासून लांब धरा, तिथं पेट्रोलची वाफ असती आणि ठिणगी आपल्या हातात. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर अशी उघडी वायर काढू नका, ते युनिट जळू शकतं. तसं असेल तर इंजिन बंद करून एक वायर काढायची, ती नीट अर्थला टेकवायची आणि मग चालू करून बघायचं.

आता ह्यातली मजा. ह्या इंजिनच्या हेडला (सिलेंडरवरचं झाकण) इनलेटची भोकं दोनच, १ आणि २ नंबर सिलेंडर एका भोकातून पितेत, ३ आणि ४ दुसऱ्यातून. पुढचा कार्ब मुख्यतः पहिल्या दोघांना, मागचा शेवटच्या दोघांना, मधे दोघांना जोडणारी नळी आहे पण तरी. म्हणजे एकटा २ नंबर झोपला असेल आणि १ नंबर ठणठणीत असेल तर कार्बला दोष देताच येत नाही, कार्ब दोघांचा एकच आहे की! मग प्लग, वायर, टॅपेट नाहीतर व्हॉल्व्ह. १ आणि २ दोन्ही एकदम बिघडले तर त्या बाजूचं मिक्चर किंवा हवा बघायची, आणि शेजारच्या दोघांच्या मधे हेडचं गॅसकेट उडालेलं असलं तरी असंच दिसतं, ते पुढं कॉम्प्रेशनमधे कळतं. चौघंही थोडे-थोडे वाईट असतील तर जे चौघांचं सामाईक आहे ते, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारी डबी), कॉइल (ठिणगीचा करंट बनवणारी), टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते). एवढं एक वाक्य मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर माझे कित्येक रविवार वाचले असते.

प्लग

काढा, नंबर टाकून ओळीत ठेवा. फिकट तपकिरी म्हणजे छान. कोरडा मऊ काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर चिकट काळा म्हणजे ऑइल, पांढराफटक म्हणजे लीन, हवा जास्त. गॅप २५ थाऊ, म्हणजे ०.०२५ इंच. झोपलेल्या सिलेंडरचा प्लग चांगल्या सिलेंडरला लावून बघा, दोष प्लगसोबत गेला तर सुटलात, नवा प्लग आणला की काम झालं. वायरीही तशाच अदलाबदल करून बघायच्या, पण डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना करंट वाटणारा) टोपीपासून जोडताना फायरिंग ऑर्डर १-३-४-२ चुकवू नका, टोपीवर चुन्यानं नंबर लिहून ठेवा.

एकदाची गंमत सांगतो. १ आणि २ चे प्लग काळेकुट्ट, ३-४ सुंदर. मी खूश, म्हणलं ह्या वेळी पुढचा कार्बच सापडला. नट फिरवायच्या आधी म्हणून सहज एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत मूठभर सोयाबीन! गाडी शेतावरच्या शेडमधे होती आणि उंदरानं पुढच्या डब्यात दिवाळीची सोय करून ठेवली होती. हवा कोंडली, पेट्रोल तेवढंच, मग काजळी धरणारच. मामा म्हणले, "ते टाकू नको, बियाण्याला होईल." तर फिल्टर उघडून बघायला दोन बोल्ट लागतेत, बघाच.

कुठून हवा घेती का

स्लोला इंजिन हवा इतकी कमी ओढतं की सुईएवढ्या फटीतून आलेली फुकटची हवाही मिक्चर बिघडवती. वरच्या स्पीडला तीच हवा एकूणात किरकोळ, म्हणून रस्त्यावर गाडी चांगली वाटती. स्लोलाच थरथर कामून, त्याचं एक मोठं कारण हेच.

बरेच जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून फट शोधतेत. मी गरम एक्झॉस्टच्या डोक्यावर पेटणारी वस्तू मारत नाही, तुम्हीही मारू नका. झाडाला पाणी मारायची फवारणीची बाटली घ्या आणि मॅनिफोल्डचे जोड, कार्बच्या मागचं पॅकिंग, रबरी नळ्यांची टोकं, ह्यांच्यावर थोडं-थोडं मारा, डेल्को आणि कॉइल सोडून. एखाद्या जागी पाणी पडलं आणि क्षणभर आवाज बदलला तर फट तिथं. मॅनिफोल्डचे नट आधी नुसते पान्यानं बघा, निम्म्या वेळा तेच ढिले असतेत, पण ताकद लावून आवळू नका, स्टड तुटला तर पाच मिनिटांचं काम पंधरा दिवसांचं होतं.

त्या काळच्या एमजीबीला इनलेट मॅनिफोल्डवर एक गोल डबीसारखा व्हॉल्व्ह असतो, क्रँककेसचा धूर परत इंजिनमधे ओढणारा. त्याच्या आत रबरी पडदा आहे, तो फाटला की स्लोचा सत्यानाश आणि वरून निळा धूर. तपासायला सोपं, स्लोला चालू इंजिनवर ऑइल टाकायचं झाकण काढा, रेस थोडी वाढली, साधारण २०० आरपीएमनं, तर व्हॉल्व्ह ठीक. काहीच झालं नाही तर उघडून पडदा बघा.

पेट्रोलच्या रबरी नळ्या इथंच बघून घ्या. जुन्या रबराला इथेनॉल आतून खातं, नळी दाबून आतून बोट फिरवलं तर बोट काळं होतं, आणि तेच काळे कण कार्बच्या फ्लोटच्या निडलखाली (बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी सुई) जाऊन बसतेत. मग बाऊल भरून वाहतो, ओव्हरफ्लोमधून थेंब-थेंब. खूण ही की चावी फिरवल्यावर मागचा पेट्रोल पंप टकटक करून गप्प बसायला पाहिजे, इंजिन बंद असून टकटक करतच राहिला तर पेट्रोल कुठंतरी चाललंय. चावी बंद करा आणि आधी ते शोधा. गंजगोलाईत सोळा रस्ते आहेत, एकातरी रस्त्यावर इथेनॉल चालणारी नळी मिळती, नळीवर आर-९ लिहिलेलं बघून घ्या, मीटरमागं शंभर-दोनशे जास्त गेले तरी जाऊ द्या.

डेल्कोच्या आत

टोपी काढा. आत भेगेची काळी रेघ दिसती का, मधला कार्बनचा खिळा आहे का. पॉइंट घासून निळे-काळे पडलेत का. गॅप १४ ते १६ थाऊ. पॉइंट लवकर जळत असतील तर कंडेन्सर गेलाय असं धरा, आणि नव्या कंडेन्सरवर आंधळा विश्वास ठेवू नका, मी नवा बसवलेला दुसऱ्या दिवशी गेलेला पाहिलाय, जुना चांगला असेल तर डिकीत जपून ठेवा. रोटरचंही (टोपीखाली फिरणारा तुकडा) तेच.

पण मला सगळ्यात जास्त छळलंय ते एका दोन इंची वायरनं. पॉइंट ज्या प्लेटवर बसतेत ती प्लेट व्हॅक्यूमनं हलती, आणि तिला अर्थ देणारी एक मऊ कापडी वेष्टणाची वायर असती. वेष्टण शाबूत, दिसायला छान, आणि आतली तार तुटलेली! प्लेट एका जागी असली की तारेची टोकं टेकतेत, गाडी चालती, प्लेट जरा हलली की स्पार्क गायब. मी दोन महिने हे शोधत होतो, कॉइल बदलली, प्लग बदलले, मामांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. शेवटी मल्टिमीटर लावून वायर बोटानं नुसती वाकवली तर आकडा कधी शून्य कधी गायब. वायर पेचकसच्या टोकानं हळूच ओढून बघा, रबरासारखी लांबली तर आत तार नाही.

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, हे विसरू नका. आमच्या गाडीला बंद इंजिनवर १० अंश आधी, पुलीच्या खुणेवर. आणि एक सावधगिरी, ह्या गाड्यांना अर्थ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, सीटच्या मागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. १९६७ च्या शेवटी मार्क टू ही पुढची आवृत्ती आली तेव्हा कुठं निगेटिव्ह अर्थ झाला. त्यामुळं बाजारातलं कोणतंही इलेक्ट्रॉनिक युनिट आणून सरळ जोडू नका, जाळून बसाल.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

टॅपेट इंजिन पूर्ण गार असताना, १५ थाऊ. कुठला टॅपेट कधी मोजायचा ह्याची सोपी युक्ती, बेरीज नऊ. पुढून मागं १ ते ८ नंबर टाका, ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना १ मोजायचा, ६ दाबलेला असताना ३, असं. प्लग काढून ठेवले की इंजिन हातानं सहज फिरतं.

लोक म्हणतेत टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे टॅपेट बरोबर. उलटं आहे. खडखड करणारा टॅपेट गाडीला फार त्रास देत नाही, गप्प बसलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. शिसं असलेलं पेट्रोल २००० पासून देशात बंद झालं आणि ह्या जुन्या बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्टच्या सीट त्या शिशाच्या आधारानं टिकायच्या. आता व्हॉल्व्ह हळूहळू सीटमधे रुततो, गॅप आपोआप कमी होत जातो, एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, स्लोला तो सिलेंडर गळतो. दर वेळी एकाच टॅपेटचा गॅप कमी निघत असेल तर वहीत लिहा, तिथं सीट चाललीय.

मग कॉम्प्रेशन गेज, विकत नको, मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागा. चारही प्लग काढून, एक्सिलेटर पूर्ण दाबून, सेल्फ मारायचा. आकडा किती आला त्यापेक्षा चौघांत फरक किती हे बघा. एक सिलेंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही सिलेंडर खाली असतील तर मधलं गॅसकेट.

आता कार्ब

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. आधी नुसतं बघा की चोक आत ढकलल्यावर दोन्ही जेट (पेट्रोल येणाऱ्या बारीक नळ्या) वर जागेवर परत येतेत का, एक चिकटून खाली राहिला तर त्या बाजूचे दोन प्लग काळे होतेत आणि उपाय फक्त साफ करणं. मग कार्बमधला पिस्टन (इंजिनचा नव्हे) बोटानं उचलून सोडा, ठक्क आवाज करून पडला पाहिजे. अडकत असेल तर वरचा डबा खोलून पेट्रोलनं पुसा, पॉलिश पेपर लावायचा नाही. वरच्या डॅशपॉटमधलं (पिस्टनवरची ऑइलची नळी) ऑइल स्लोला कारण नाही, ते पिकअपचं काम करतं, उगं त्याच्यामागं लागू नका.

मग आवाज जुळवायचा. दोन्ही कार्बच्या मधल्या दांडीचे क्लॅम्प ढिले करा, फिल्टर काढा, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बच्या तोंडाशी. स्लोचे दोन स्क्रू एवढे फिरवा की दोन्हीकडून सूंऽऽ सारखाच येईल. ह्याला कोणतंही मीटर लागत नाही, कान पुरतो.

मिक्चरचा नट खाली, सहा बाजूंचा. खाली उतरवला की पेट्रोल जास्त, वर चढवला की कमी. हात लावायच्या आधी किती फेऱ्यांवर आहे ते मोजून लिहा. एका वेळी एकच बाजू फिरवा आणि थांबा. मग पिस्टन खालच्या पिननं जरासा, मिलिमीटरभरसुद्धा नको, उचला. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन लगेच मरायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून परत जागेवर आली तर बरोबर. इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेत थोडं जास्त पेट्रोल लागतं, आमच्या गाडीला जुन्या सेटिंगपेक्षा दीड-दोन बाजू खाली ठेवावं लागलं. भलतंच झालं तर जेट वरपर्यंत नेऊन दोन पूर्ण फेऱ्या खाली आणा आणि परत सुरुवात करा.

इथं थांबा

थ्रॉटलची दांडी बोटानं वर-खाली हलवून बघा. खडखडली आणि स्लो बदलला तर कार्बचं भोकच झिजलंय, त्याला बुश बसवणं खरादीचं बारीक काम आहे, घरी ड्रिल मशीननं करायला जाल तर कार्ब भंगारात. कॉम्प्रेशन कमी निघालं, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, ऑइलला पेट्रोलचा वास आला, इंजिनमधून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला, तर पाना खाली ठेवा. हेड उतरवणं जमेल एकवेळ, पण सीट बसवणं हेडचं काम करणाऱ्या मशीन शॉपचंच. आणि एक्झॉस्टवर पेट्रोल टपकताना दिसलं तर तपासत बसायचंच नाही, चावी बंद, बॅटरीची वायर काढायची आणि गाडी ढकलत न्यायची.

नेताना वही सोबत घ्या, कोणता सिलेंडर, चौघांचं कॉम्प्रेशन, काय बदललं, कार्बचा नट मुळात किती फेऱ्यांवर होता. आणि काढलेले जुने प्लग १ ते ४ नंबर टाकून फडक्यात बांधून न्या, फेकू नका. आमचे चाचा बोनट उघडायच्या आधी तेच मागतेत.